तारीख कुठे लिहायची? पावसच्या वाटेवरच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

परिस्थिती

विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय प्राणीशास्त्र. कॉलेज रत्नागिरीत, घर पावस गावाच्या पुढच्या एका वाडीत. सकाळी पावणेसातची एसटी, संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी स्टँडवर पंचवीस-तीस मिनिटं थांबणं. घरी रेंज येते ती पडवीच्या एका टोकाला, तीही पाऊस धरलेला नसेल तर. नाहीतर छत्री घेऊन सड्यावर जायचं. फोन साधा अँड्रॉइड, तीन वर्षं वापरलेला. दुपारी तीनला बॅटरी पस्तीस टक्क्यांवर येते.

साधनांची तिच्याकडे कमतरता नव्हती, उलट फार होती. पतपेढीने नववर्षाला दिलेली जाड पुठ्ठ्याची डायरी, फोनमधलं कॅलेंडर, फोनमधलंच नोंदींचं अ‍ॅप, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, आणि गॅलरीत साठलेले नोटिशींचे दोनेक हजार स्क्रीनशॉट. शिवाय तळहातावर बॉलपेनने लिहिलेलं वेगळंच. एखादी तारीख यातल्या नेमक्या कुठे आहे, हे शोधायला तिला ती तारीख लक्षात ठेवण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत चार गोष्टी हुकल्या. अंतर्गत चाचणी मंगळवारची शनिवारवर गेली, पण तिच्या डायरीत मंगळवारच राहिला. तयारी करून गेली ती रिकाम्या वर्गात. ग्रंथालयाची दोन पुस्तकं अकरा दिवस उशिरा परत गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जात महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर एक कागद पुन्हा चढवायचा होता. तो मेसेज वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला गेला. आणि प्रॅक्टिकलचं जर्नल दप्तरात भिजलं.

तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता: डायरी सोडून सगळं फोनवर न्यावं, की फोन बाजूला ठेवून वहीच धरावी?

चुकांची चिरफाड

हा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणणं सोपं आहे. पण आधी चुकांकडे बघू, कारण चारही एका जातीच्या नाहीत.

चाचणीची तारीख हुकली ती तिच्या विसरण्यामुळे नव्हे. तारीख ठरवणारे आणि बदलणारे दुसरे लोक होते, आणि बदल कळवायची जागा व्हॉट्सअ‍ॅप होती. कागदावर लिहिलेली तारीख स्वतःहून बदलत नाही. तिने दोन्हीकडे बघितलं असतं तर फरक लगेच दिसला असता, पण दोन्हीकडे रोज कुणीच बघत नाही. एक तारीख दोन ठिकाणी असली की त्यातली एक कधीतरी खोटी ठरते, आणि आपण नेमकी तीच वाचतो.

ग्रंथालयाच्या पुस्तकांचं उलट. तारीख पुस्तकातल्या चिठ्ठीवर शिक्का मारून दिलेली होती आणि बदलणार नव्हती. फोनमध्ये आठवणही लावलेली होती. ती वाजलीच नाही. कारण अगदी यांत्रिक आहे: बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन काही दिवस न उघडलेली अ‍ॅप्स झोपवून ठेवतात आणि त्यांच्या सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग कॅलेंडर, मग बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावं लागतं. हे तिने कधी केलं नव्हतं. बहुतेक जण करत नाहीत. घड्याळाच्या अ‍ॅपमधला गजर मात्र फोन झोपेत असला तरी वाजतो. म्हणून ज्याला पर्यायच नाही अशी गोष्ट (परीक्षेच्या सकाळची पहिली एसटी, उदाहरणार्थ) कॅलेंडरवर सोडायची नाही, गजर लावायचा.

महाडीबीटीच्या बाबतीत मेसेज वाचलेला होता. वाचला, ‘नंतर बघू’ म्हणून बंद केला आणि खाली दोनशे मेसेज आले. मेसेजला तारांकित करणं हा उपाय ती वापरत होती, पण तारांकित मेसेजांची यादी स्वतःहून समोर येत नाही. ती उघडावी लागते, आणि उघडायची आठवण कोण करणार?

राहिलं जर्नल. हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. शेवंडीची (लॉबस्टरची) बाह्यरचना, तिचे उपांग, त्यांना काढलेल्या नेमक्या रेषा आणि रेषांच्या टोकांना नावं. आकृती नियमाप्रमाणे एचबी पेन्सिलने काढलेली, नावं मात्र निळ्या जेल पेनने. दप्तराचा तळ भिजला, पाणी वहीच्या कडेने आत शिरलं, आणि पान वाळल्यावर दिसलं ते असं: शेवंड जशीच्या तशी, एकही मिशी हललेली नाही, तिच्याभोवती नावांच्या जागी निळे ढग. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते पाण्यात विरघळत नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तीही सहसा तग धरते. स्वस्त जेल पेनची शाई पाण्यावर आधारलेली, ती पसरते. प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं: बरणीत नमुन्यासोबत जी चिठ्ठी टाकतात ती पेन्सिलने किंवा इंडियन इंकने लिहिलेली असते, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये टिकत नाही. बरणीसाठी जो विचार होतो, तो जुलै महिन्यातल्या दप्तरासाठी कुणी करत नाही. प्रमाणित जर्नलाशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळे तिला नऊ पानं पुन्हा उतरवावी लागली.

निवड कशाच्या आधारे

कागदाच्या बाजूने लोक एक अभ्यास हमखास पुढे करतात. 2014 मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी दाखवलं होतं की लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात, आणि संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहतात. पण 2019 आणि 2021 मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परीक्षेतला हा फरक तितका स्पष्ट आला नाही. तेव्हा ‘हाताने लिहिलं की लक्षात राहतं’ एवढ्या बळावर वहीची निवड करू नये. या प्रकरणात वहीच्या बाजूची कारणं जास्त साधी होती: आकृत्या हातानेच काढायच्या आहेत, ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, आणि वहीला चार्जर लागत नाही.

फोनच्या बाजूचं कारणही साधंच. कॉलेज बोलतं ते फोनवर. नोटीस, बदललेलं वेळापत्रक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं तिथेच येतं. फोन बाजूला ठेवला की विद्यार्थी कॉलेजच्या हाकेच्या बाहेर जातो.

म्हणून वाटणी साधनावरून न करता माहितीवरून केली. प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न: ही तारीख कोण हलवू शकतं? दुसरं कुणी हलवू शकत असेल तर ती फोनच्या कॅलेंडरात, आणि फक्त तिथेच. मी स्वतः ठरवलेली असेल, म्हणजे कोणता धडा कधी वाचायचा, जर्नलची पानं कधी पुरी करायची, तर वहीत. घरच्यांना कळायला हवी असेल तर भिंतीवर. पतपेढीची डायरी, नोंदींचं अ‍ॅप आणि तळहात तिघांनाही रजा. डायरीला रजा देण्याचं आणखी एक कारण होतं: ती जानेवारीला सुरू होते आणि सत्र जूनला. अर्धी कोरी डायरी उघडली की माणसाला आपण मागे पडलोय असं उगाच वाटतं.

वही

दोनशे पानी, हातात मावेल अशी छोटी, शिवलेली. स्पायरलची नको. खाऱ्या दमट हवेत तारेला पावसाळ्यातच गंज चढतो, गंजाचे डाग कागदावर उतरतात, आणि एसटीच्या गर्दीत तार वाकली की पान उलटत नाही. स्टेपल केलेल्या पातळ वहीचंही मधल्या पिनांपाशी हेच होतं.

डाव्या पानावर आठवडा: सोमवार ते शनिवार सहा पट्टे, प्रत्येक पट्ट्यात जास्तीत जास्त तीन कामं. उजवं पान मोकळं, आठवड्यात जे सुचेल ते. सत्राचे अठरा आठवडे धरले तर छत्तीस पानं. सुरुवातीची चार पानं वेळापत्रक, प्रयोगांची यादी आणि हजेरीसाठी. हजेरीचा हिशेब तिने स्वतः ठेवायचं ठरवलं: 75 टक्क्यांच्या अटीत किती तास चुकलेले चालतात हे आधीच काढून तेवढ्या चौकटी आखायच्या आणि तास बुडाला की एक चौकट काळी करायची. मागच्या पानांवर एसटीचा पास कधी संपतो, कुणाकडून काय उसनं घेतलं, असलं किरकोळ.

तीनच कामं का? चौथं लिहिलं की ते उद्यावर जातं. रोज एक काम उद्यावर जायला लागलं की गुरुवारपर्यंत वही उघडावीशी वाटत नाही. वहीची पद्धत मोडते ती बहुधा इथेच. कागद वाईट म्हणून नाही, पानावर स्वतःची थकबाकी दिसते म्हणून.

लिहायला बॉलपेन आणि पेन्सिल. वही आणि जर्नल चेनच्या प्लास्टिक पाऊचमध्ये, आणि पाऊच दप्तराच्या तळाशी न ठेवता पाठीला लागून असलेल्या कप्प्यात. पाणी तळाला साचतं. तरीही वही भिजलीच तर उन्हात घालायची नाही, इस्त्री तर नाहीच. दर आठ-दहा पानांनंतर वर्तमानपत्राचा कोरा भाग किंवा टिपकागद घालायचा, वर वजन ठेवायचं, दर तासाला कागद बदलायचा, मग पंख्याखाली उभी करायची. दोन दिवसांत वाळली नाही तर पावसाळी हवेत तिला बुरशी धरते.

स्टँडवरचा वेळ

फोनची शिस्त घरी लागणं शक्य नव्हतं, घरी रेंजचा भरवसा नाही. पण परतीच्या गाडीची वाट बघताना वेळही होता आणि रेंजही. तिथे बसून दिवसभराचे ग्रुप वरून खाली एकदा वाचायचे आणि तारीख दिसली की मेसेज बंद करण्याआधी ती कॅलेंडरात घालायची. मेसेज दाबून धरायचा, कॉपी करायचा, कॅलेंडरच्या नव्या नोंदीत तपशिलाच्या जागी चिकटवायचा. शीर्षकात काम आधी आणि विषय नंतर: ‘चाचणी 1, प्राणीशास्त्र’. असं लिहिलं की शोधताना ‘चाचणी’ म्हटल्यावर सगळ्या चाचण्या एका रांगेत येतात. आठवणी दोन: तीन दिवस आधी आणि आदल्या रात्री आठला. गुगल कॅलेंडरच्या अ‍ॅपमध्ये नेट नसतानाही नोंद करता येते, रेंज आली की ती वर जाते.

दर शुक्रवारी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून त्या आठवड्याची जर्नलची पानं गुगल ड्राइव्हच्या स्कॅनने टिपायची. आठ-दहा पानं, पाच मिनिटं. गुगलची फुकट जागा 15 जीबी आहे, पण ती जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात वाटलेली आहे. दोन हजार स्क्रीनशॉट आधी काढून टाकावे लागले ते म्हणूनच.

स्टायलसवाला टॅब्लेट हा पर्यायही चर्चेत आला होता. महागडं यंत्र पावसाळ्यात रोज एसटीने न्यायचं, आणि जर्नल शेवटी कागदावरच मागतात. विषय तिथेच संपला.

भिंतीवर

घरात वेळेचं खरं यंत्र आधीपासूनच होतं: माजघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका. तीवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर कधी लावला, मुंबईकर कोणत्या गाडीने येणार, सगळं आईच्या अक्षरात. मुलीच्या चाचण्या तेवढ्या तिथे नव्हत्या. “परीक्षा कधी गो तुझी?” हा प्रश्न आई दर पंधरा दिवसांनी विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या दिवशीचं काहीतरी काम ठरून गेलेलं असायचं. आता सत्राच्या ठळक तारखा लाल पेनने भिंतीवर जातात. फोनवर ‘शेअर’ करायची सोय आहे, पण आई कॅलेंडर अ‍ॅप उघडणार नाही आणि तिने उघडावं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा आणखी एक उपयोग प्राणीशास्त्राच्या विद्यार्थ्याला होतो, आणि कोणतंही पाश्चात्त्य धाटणीचं नियोजन अ‍ॅप तो देत नाही. खडकाळ किनाऱ्यावरचे जीव बघायला जायचं तर उधाणाची ओहोटी लागते, म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, आणि तिच्यापासून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराला ओहोटी, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फारसं ओसरत नाही. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी पाच-साडेपाचला. ठोकताळ्यात थोडाफार फरक पडू शकतो, म्हणून जाण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच. पण महिन्यातले जाण्याजोगे दिवस कोणते हे तिथीच्या पानावर एका नजरेत कळतं. ‘दर दुसऱ्या शनिवारी’ अशी पुनरावृत्ती लावणाऱ्या कॅलेंडरात ते बसत नाही.

गणपतीनंतर जे मोडलं

पहिले तीन आठवडे व्यवस्था नीट चालली. मग गणपती. पाच दिवस पाहुणे, वहीला हात नाही. विसर्जनानंतर तिने मागचे पट्टे भरायचा प्रयत्न केला आणि एक संध्याकाळ त्यातच घालवली. तेव्हा नियम ठरला: चुकलेला आठवडा कोरा ठेवायचा, त्यावर एक तिरकी रेघ, आणि पुढच्या पानापासून सुरुवात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. सप्टेंबरात एका रात्री तारांवर आंब्याची फांदी पडली आणि वाडीत तीन दिवस वीज नव्हती. फोन दुसऱ्या दिवशी मेला. नियमाप्रमाणे चाचणीची तारीख फक्त फोनमध्ये होती, भिंतीवर अजून गेलेली नव्हती. म्हणजे ‘एकाच जागी’ या नियमाने नेमक्या गरजेच्या वेळी तिला आंधळं केलं. हा दोष आखणीतच होता. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांनी वीज आणि मोबाइलशिवाय दिवस काढलेले आहेत; किनाऱ्यावर आखणी करताना ते गृहीतच धरायला हवं होतं.

दुरुस्ती पेन्सिलने झाली. रविवारी रात्री फोनमधल्या पुढच्या दहा दिवसांच्या तारखा वहीच्या उजव्या पानावर पेन्सिलने उतरवायच्या आणि शेजारी उतरवल्याचा दिवस घालायचा. पेन्सिलचा अर्थ ठरलेला: ही नक्कल आहे, इतक्या तारखेपर्यंतच खरी. फोन चालू असेल तर फोनचंच ऐकायचं, बंद असेल तर पेन्सिलचं. बॉलपेनने लिहिलेली तारीख माणूस डोळे झाकून खरी मानतो. पेन्सिलचं अक्षर बघितलं की विचारावंसं वाटतं. सात-आठ ओळींचं काम, पाच मिनिटांच्या वर जात नाही.

कागदपत्रांना मात्र उलटा धोका. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटांच्या खालच्या फळ्यांवरचे कागद लगदा होऊन निघाले. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका म्हणून डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये उतरवून घेतल्या, मूळ प्रती लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वरच्या फळीवर. लॅमिनेशन केलेल्या मूळ कागदावर पुढे शिक्का-सही घ्यायची वेळ आली की पंचाईत होते.

आठवणींची संख्याही कमी करावी लागली. सुरुवातीच्या उत्साहात तिने ग्रंथालय, पास आणि फोनचं रिचार्ज सगळ्यांना आठवणी लावल्या होत्या. दिवसाला सहा-सात वाजायला लागल्यावर बोट न वाचताच त्या बाजूला सारायला शिकलं. पास आणि रिचार्ज आता फक्त वहीच्या मागच्या पानावर.

हेच सगळ्यांना नको

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात वसतिगृहात राहणारा, असाइनमेंट ऑनलाइन जमा करणारा, दिवसभर लॅपटॉपसमोर असणारा विद्यार्थी या वाटणीत वहीला क्वचितच हात लावेल. त्याला फोनचं कॅलेंडर आणि कामांची एक यादी पुरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गावात शेतकऱ्यांबरोबर कार्यानुभवाला असतो तेव्हा उलट होतं: शेताच्या बांधावर रोजची नोंद कागदावरच होते, आणि फोनचं काम फोटोपुरतं उरतं. प्रश्न मात्र दोघांनाही तोच विचारायचा, तारीख कोण हलवतं आणि ती बघायची वेळ येते तेव्हा आपण कुठे असतो.

जानेवारीतली नोंद

चौथ्या सत्रात किनाऱ्याची क्षेत्रभेट पौर्णिमेला ठरली. कॅलेंडरात ती स्टँडवरूनच गेली आणि रविवारी पेन्सिलने वहीत आली. भिंतीवर लाल पेनने लिहायला गेली तेव्हा त्या चौकोनात तिने तिथी पाहिली आणि बोटांवर हिशेब केला. ओहोटी साडेपाचच्या आसपास, किनाऱ्यावरून निघेपर्यंत अंधार, आणि पावसच्या पुढे जाणारी शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली. भेटीला अजून तीन आठवडे होते. आईने त्याच चौकोनात, लाल अक्षराखाली, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलं: रात्री मावशीकडे.